दहावा सूचक

ताई पहिल्यांदा आमदार झाल्या, त्या वेळच्या उमेदवारी अर्जावर माझी सही होती. ती नंतर खोडली. खोडली म्हणूनच त्या आमदार झाल्या असं मी म्हणतो, आणि ताई म्हणतात, तू फार डोक्यात घेतोस. आता त्यांची दुसरी टर्म चालू आहे. कार्यालयातली मंडळी त्यांच्या कामांचं पुस्तक काढताहेत, रस्ते, शाळाखोल्या, फोटो, सगळं. त्यात ह्या गोष्टीला जागा नाही, आणि ते बरोबरही आहे. पण मला राहवत नाही, म्हणून लिहितो.

मी उमरखेड तालुक्यातला. शाळा आठवीत सुटली. वडील गेले, मी घरात थोरला, मास्तर दोनदा बोलवायला आले आणि तिसऱ्यांदा आले नाहीत. एका मंडपवाल्याबरोबर वणीला आलो तो दोन महिन्यांसाठी. जिल्हा एकच, पण गावाकडून इकडे यायचं म्हणजे एसटीत दिवस मोडतो. इथे सगळंच वेगळं होतं. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, झाडांची पानं काळी, आणि मी "मला" म्हटलं की हॉटेलवाला "मले" म्हणून दाखवायचा आणि हसायचा. मंडपवाल्याकडे मी भोंगे बांधायला शिकलो. पुढे जुनी ऑटो घेतली, तिच्या टपावर दोन भोंगे बसवले आणि वणीजवळच्या राजूरला खोली करून राहिलो. कुणाची म्हैस हरवली, उद्या लाईन बंद, पोलिओचा डोस, ग्रामसभा, जे असेल ते गावोगाव ओरडत फिरायचो. ओळखीचं माणूस एक नाही, पण आवाज पंधरा-वीस गावं ओळखायची.

त्याच वर्षी मला कावीळ झाली. खोलीत पडून होतो. शेजारच्या लायनीत एक बाई ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यांचे मालक खाणीत कामाला. दोन दिवस माझा भोंगा ऐकू आला नाही म्हणून त्या बघायला आल्या. मला उचलून घरी नेलं, समोरच्या खोलीत शिलाई मशीन सरकवून खाट टाकली, आणि महिनाभर उसाचा रस, ताक, मुगाचं पाणी. मी संकोचून रोज म्हणायचो, आज जातो. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "जाशील. डोळे पिवळे आहेत तोवर कुठं जातं?" त्या ह्या ताई.

त्या राजकारणात आल्या त्याची गोष्ट मोठी नाही. ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाली, आमच्या वॉर्डात कोणी उभं राहीना, तर ह्यांना उभं केलं. पुढे सरपंच झाल्या. मग जिल्हा परिषद. पण सरपंच असतानाच त्यांनी एक पद्धत पाडली, तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ग्रामसभेच्या आधी सगळे सरपंच नुसती तारीख सांगायला लावतात, तीही लोक येऊ नयेत अशा बेतानं. ताई मला कागद लिहून द्यायच्या, त्यात त्यांच्याच चुका. मी ते ओरडत फिरायचो: "नाली शाळेपर्यंत जाणार होती, मंदिरापाशीच थांबली, काहून थांबली ते सरपंचाले विचाराले या. टाकीचं पाणी चार दिवसांनी येते, जाब विचाराले या." पहिल्यांदा वाचताना माझी जीभ अडखळली. मी म्हटलं, ताई, हे तुमच्याच विरुद्ध आहे. त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे काय आहे ते. तू मोठ्यानं वाच."

लोक यायचे. सगळ्यात आधी यायचे ते रस्त्याकडेच्या घरातले काका. खाणीतून रिटायर झालेले, उंच, गळ्यात टॉवेल. त्यांच्या दारावरून ट्रक जायचे. काकू गच्चीवर सांडगे घालायच्या आणि संध्याकाळी काळे झालेले उचलायच्या. काका प्रत्येक ग्रामसभेत उभे राहायचे, आधी नालीवरून, मग धुळीवरून, मग ताईंनी दिलेल्या उत्तरावरून. ताईही सोडायच्या नाहीत. दोघांचं एवढं जुंपायचं की बाकीचे लोक चहा पिऊन परत येत. काका त्यांना "तू" म्हणायचे, सरपंच झाल्या तरी, जिल्हा परिषदेवर गेल्या तरी.

विधानसभेच्या वेळी ताईंना पक्षाचं तिकीट मिळेल असं सगळे धरून चाललो होतो. मिळालं दुसऱ्याला. अर्ज भरायला चार दिवस होते. ताईंच्या अंगणात माणसं जमली, बायका जास्त, आणि दुपार होता होता ठरलं की अपक्ष लढायचं. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले एक गुरुजी ताईंचे कागदपत्र बघायचे. ते म्हणाले, मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही देणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. नऊला जमत नाही. ताईंनी लगेच सांगितलं, दहा गावांतून दहा माणसं घ्या. पक्ष नाही तर नाही, दहा गावं आहेत असं दिसू द्या.

नऊ झाले. दहाव्या गावच्या माणसाचा सकाळी फोन आला की मुलगा ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याचं काम जाईल, माझी सही नको. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याची घ्या. दहा गावं ह्याच्याएवढी कोण फिरलं?"

आठवीनंतर मी सही केली होती ती बँकेत आणि ऑटोच्या कागदावर. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पाच-सहा वेळा करून पाहिली, मग अर्जाच्या दोन्ही संचांवर केली; एकात चूक निघाली तर दुसरा असावा म्हणून दोन भरायचे होते. शेवटचं अक्षर जरा तिरपं गेलं. गुरुजींनी माझं मतदान कार्ड घेतलं, फाईलमध्ये टाकलं आणि म्हणाले, यादीतला नंबर मागून टाकू.

आता हे खरं सांगायला पाहिजे. माझं मत गावी होतं. प्रत्येक निवडणुकीला मी एसटीनं उमरखेडला जायचो आणि पुढे गावात मत टाकून यायचो, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्यानं काही बिघडतं हे डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, लायसन्स कुठेही काढलं तरी गाडी सगळीकडे चालते, तसंच हे कार्ड. सरकार एकच. आणि दुसऱ्या कोणी विचारलं नाही, कारण कोणाला विचारावंसं वाटलंच नाही. इतक्या वर्षांत मी बाहेरचा आहे हे राजूरवाले विसरून गेले होते.

अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा ठरला. वेळ तीनपर्यंत. वणीत बाजारातून मिरवणूक निघाली, पुढे माझी ऑटो, मागे डफडं, मध्ये ताई पायी. दर दहा पावलांवर बायका ओवाळायला थांबवत. गुरुजी घड्याळ बघत आणि प्रत्येक ताम्हणाकडे रागानं पाहत. तहसीलपाशी पोचलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. पोलिसांनी लांबच दोर बांधला होता. आत फक्त उमेदवार आणि चार माणसं. ताईंचे मालक, गुरुजी, बचत गटाच्या अध्यक्षबाई, आणि चौथा मी. मी म्हटलं, वकिलाला न्या. ताई म्हणाल्या, वकील फोनवर आहे, तू चल, सही केली ना? मोबाईल दोरापाशीच जमा केले आणि आत गेलो.

व्हरांड्यात बाकं होती. ज्याला पक्षाचं तिकीट मिळालं होतं तो उमेदवार अर्ज देऊन पोचपावतीसाठी बसला होता, पांढरा कडक सदरा. त्याच्याबरोबरच्या माणसांत राजूरचे काका. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि टॉवेलनं मान पुसली. नमस्कार नाही, काही नाही.

तपासणीच्या टेबलावर एक तरुण बाई मतदार यादी घेऊन बसल्या होत्या. एकेक सूचकाचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, बोट ठेवून बघायच्या आणि टिकमार्क करायच्या. नऊ टिकमार्क झाले. दहाव्या नावापुढे नंबर नव्हता. त्यांनी माझं कार्ड फाईलमधून काढलं, उलटंसुलटं केलं, आणि शांतपणे म्हणाल्या, हे उमरखेडचं आहे. ह्यांना इथे सूचक होता येत नाही.

गुरुजी म्हणाले, दुसरा संच आहे. दुसऱ्यावरही मीच होतो.

भिंतीवर घड्याळ होतं, त्यात दोन चाळीस. ताईंचे मालक दाराकडे धावले. तिथे पोलीस म्हणाला, एकाच्या बदल्यात एक सोडतो, पण आधी तो माणूस इथे दारात दिसू द्या, तोवर आतला कोणी बाहेर जाणार नाही, हाक मारून बोलवा. दोरापलीकडे आमचीच हजारभर माणसं होती, प्रत्येक जण मतदार, प्रत्येक जण सही देणारा, आणि डफड्यापुढे मालकांची हाक कोणाला जाईना. माझ्या ऑटोवरचं गाणंही चालूच होतं, ते मीच पूर्ण आवाजात लावून आलो होतो. आतले आम्ही तिघं आणि मालक, चौघांच्याही सह्या आधीच झालेल्या. एकाची चालत नाही, तिघांच्या दुसऱ्यांदा चालत नाहीत.

मी ताईंसमोर गेलो. म्हटलं, "ताई, माझं मत गावी आहे. मी सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग हळू म्हणाल्या, "तू इथला नाहीस हे माह्या ध्यानातच नाही राह्यलं रे."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी भिंतीला टेकलो. पाच वर्षं ह्या बाईनं गावोगाव पाय झिजवले, तिकीट गेलं तरी उभी राहिली, आणि माझ्या तिरप्या सहीनं सगळं घालवलं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात बाकावरून काका उठले. पांढऱ्या सदऱ्यातला उमेदवार म्हणाला, काका, बसा. काका म्हणाले, "बसतो ना. सही करून बसतो."

ते टेबलापाशी आले आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदान कार्ड काढलं. टेबलावरच्या बाईंना म्हणाले, राजूरचा आहे, बघा यादीत. मग ताईंकडे वळले. "हे पाय, मत मी तुले देणार नाही. मत माह्या माणसालेच. समजलं?"

ताई म्हणाल्या, "समजलं काका. मग सही कायले देता?"

"तू पडाव ते मतानं पडाव. कागदानं पडली तर मी भांडू कोणासंग? हा," त्यांनी मागे न बघता उमेदवाराकडे अंगठा केला, "हा तर ग्रामसभेत येतच नाही."

बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला. टेबलावरच्या बाईंना यादीत काकांचं नाव सापडलं, त्यांनी नंबर मोठ्यानं वाचला. तो अध्यक्षबाईंनी लिहिला. माझ्या सहीवर आडवी रेघ मारली, शेजारी ताईंनी आपली छोटी सही केली. दोन्ही संचांवर. मग काका खाली वाकून सही करायला लागले. ते सही म्हणून पूर्ण नाव लिहायचे, वडिलांच्या नावासकट, अक्षर सुटंसुटं. मी जन्मात एवढ्या हळू केलेली सही पाहिली नाही. दुसऱ्या संचावर करताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, नालीचं ध्यानात आहे ना? ताई म्हणाल्या, आहे, लिहा तुम्ही. तीनला आठ मिनिटं कमी असताना अर्ज निवडणूक अधिकारी साहेबांच्या टेबलावर गेला. ताईंनी उभं राहून शपथ वाचली, आवाज जरासुद्धा हलला नाही. मी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होतो, त्यामुळे ती पूर्ण ऐकलीच नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, झालं ते झाकून ठेवायचं. ताई सरळ माझ्या ऑटोवर चढल्या, माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाल्या, अर्ज पडत होता, चूक माझी, माणूस माझा म्हणून मी त्याचं गाव विचारलं नाही, आणि काकांनी वाचवलं, पण त्यांचं मत मला नाही, कोणी त्यांच्या दारात मागायला जाऊ नका. लोक इतके हसले की डफडंवाला थांबला. वणीत आणि राजूरला संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट होती. पुढचे पंधरा दिवस मी जाईन तिथे लोक आधी विचारायचे, "काय भाऊ, तुमचं मत कुठं आहे?" आणि मग म्हणायचे, आमचं इथंच आहे, चिंता नका करू. मी मनात म्हणायचो, करतो तर मी चिंताच.

छाननीत अर्ज टिकला. चिन्ह शिलाई मशीन मिळालं. त्याच्यासाठी मला काही लिहून घ्यावं लागलं नाही, ज्या घरी जाऊ तिथे ताईंनी शिवलेला एखादा गणवेश निघायचाच.

मी त्यांना म्हटलं, माझं नाव आता राजूरच्या यादीत आणतो, फॉर्म भरतो. त्या म्हणाल्या, आणू नको. "आईले भेटाले जायचं तेवढंच एक पक्कं निमित्त आहे तुले. ते कायले मोडतं?" म्हणून मतदानाच्या दिवशी, जिच्यासाठी दोन आठवडे घसा फोडला तिला मत न देता, मी गावी गेलो. रांगेत आईला पुढे केलं. ती विचारत होती, तुझी ताई ह्या मशीनवर आहे का? म्हटलं, नाही आई, ती तिकडे. आई नाराज झाली.

मोजणीच्या दिवशी मी भोंगा घेऊन बाहेर उभा होतो. फेरीमागून फेरी कधी त्या पुढे, कधी पांढरा सदरा. आतून चिठ्ठी यायची, मी वाचायचो. मागे पडल्याची चिठ्ठीही मी मोठ्यानं वाचली, कारण त्यांनी मला तेच शिकवलं होतं. शेवटच्या फेऱ्या राजूर आणि आसपासच्या गावांच्या निघाल्या. शेवटची चिठ्ठी गुरुजी स्वतः घेऊन आले. त्यांनी कागद नुसता माझ्यापुढे धरला. मी वाचला आणि पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, माझ्या नाकातोंडात गुलाल होता आणि माईक कुणीतरी ओढून नेला होता. ताई मात्र बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदा केसांतला गुलाल झटकून म्हणाल्या, आईला फोन केला का तुझ्या?

त्या वर्षीच्या नागपूरच्या अधिवेशनात त्यांची लक्षवेधी लागली, कोळशाच्या ट्रकांवर. मला पास मिळाला, गॅलरीत बसलो. आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, माईक तोंडाला चिकटवू नका, एक वीत दूर. एवढंच शिकवण्यासारखं माझ्याकडे होतं. त्या उभ्या राहिल्या, माईक जरा मागे केला, आणि मला कळलं की आता काही बिघडत नाही. म्हणाल्या, मंत्रिमहोदयांनी एक दिवस राजूरला यावं, पांढरा सदरा घालून यावं, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसावं आणि संध्याकाळी तोच सदरा ह्या सभागृहाला दाखवावा. सगळं सभागृह हसलं. मंत्रीही हसले, आणि हसल्यावर त्यांना बैठक लावतो असं म्हणावं लागलं.

एका बैठकीनं रस्ता होत नाही. दीड वर्ष गेलं. कंपनीचे साहेब, जिल्ह्याचे साहेब, ट्रकमालक, पुन्हा साहेब. प्रत्येक बैठकीआधी ताईंनी मला राजूरात पाठवलं, काय झालं नाही ते सांगायला. शेवटी आदेश निघाला: भरलेले ट्रक बाहेरच्या रस्त्यानं, शाळेच्या वेळात गावातून एकही नाही. ताईंनी कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, पेपरात उद्या येईल, गावाले आज तू सांग.

सरकारी मराठी अवघड. मी ऑटोत बसून तो कागद चार वेळा मनात वाचला, "प्रतिबंधित" ह्या शब्दावर बोट ठेवून दोनदा, आणि मग राजूरच्या चौकातून वाचायला सुरुवात केली. बायका दारात आल्या. हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. काकांच्या घरापुढे ऑटो थांबवून पूर्ण आदेश वाचला, खालच्या सहीपर्यंत. काका गच्चीवर होते, काकू त्यांच्यामागे. खाली वाकून म्हणाले, "भोंगा कमी कर ना बे, कान फुटले." मी आवाज कमी केला.

"अन् एक डाव अजून वाच," ते म्हणाले. "हिले नीट ऐकू नाही आलं."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.